पाणंदीची स्थानपोथी

चाळिशी उलटली की माणसाच्या पदरात दोन गोष्टी आपोआप पडतात : चष्मा आणि उपदेश. चष्म्याशी माझे लवकर जमले. उपदेशाने मात्र पाठ सोडली नाही. 'साखर वाढली आहे, रोज व्यायाम करा,' असे डॉक्टर म्हणाले आणि पत्नीने ते वाक्य पाठच करून ठेवले. आता ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले, त्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या रक्तात साखर निघावी, यात त्याचा तो काय दोष? पण हा युक्तिवाद घरात टिकला नाही. एका रविवारी जिन्याखाली धूळ खात पडलेली वडिलांची काळी सायकल मी निमूटपणे बाहेर काढली.

वडील तिच्यावरून तीस वर्षे कचेरीत गेले. मीही तिच्याच नळीखालून पाय घालून, वाकडातिकडा होत, चालवायला शिकलो. त्या दिवसांत आमच्या नगरात वाट चुकायला जागाच नव्हती. (२०२४ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ते मी लिहिताना कटाक्षाने लिहितो. बोलताना जीभ अजून जुन्या वळणावर जाते.) चुकलाच कुणी, तर पानाच्या टपरीपाशी एक पाय टेकवून विचारायचा, "दिल्ली दरवाजाकडं कसं जायचं?" टपरीवाला सांगायचा, "माळीवाड्यातून नका जाऊ, आज गर्दी आहे. इकडून बोळातून काढा." या उत्तराची थोरवी तेव्हा मला कळली नव्हती. ती नुसती दिशा नव्हती. विचारणारा सायकलवर आहे, वेळ कोणती आहे, वार कोणता आहे, एवढे सारे पाहून दिलेला तो सल्ला होता.

आता विचारायला कुणी थांबत नाही. मीही थांबलो नाही. फोनमधल्या एका नकाशाला सांगितले, 'सावेडीहून भिंगारला ने.' आतली बाई मोठ्या आत्मविश्वासाने बोलू लागली आणि तिने मला थेट मालट्रकांच्या रांगेत नेऊन उभे केले. २०२२ साली आमच्याकडे उड्डाणपूल झाला. पुलावरून गाड्या सुसाट जातात आणि पुलाखाली जो तो आपापल्या नशिबाने वाट काढतो. तिथे, दोन ट्रकांच्या मध्ये उभा असताना माझ्या ध्यानात आले की बाईचे काही चुकले नाही. तिला मोटार ठाऊक होती. सायकल ठाऊक नव्हती. पुढे तिने चितळे रस्त्याला 'चिताले' म्हटले, तेव्हा मात्र मराठीचा प्राध्यापक म्हणून माझा जीव आणखी थोडा कासावीस झाला.

ही झाली हौसेची गोष्ट. माझी साखर चार महिने उशिरा उतरली असती तर जगाचे काही बिघडत नव्हते. पण त्याच सुमारास, गेल्या दिवाळीची सुटी संपून महाविद्यालय सुरू झाल्यावर, द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक विद्यार्थिनी प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"सर, मी आता परीक्षेलाच येईन."

"का ग? घरी काही अडचण?"

"नाही सर. ट्रॉल्या सुरू झाल्या."

ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकाला हे उत्तर कोड्यात टाकील, म्हणून सांगतो. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. मग आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर धावू लागतात आणि एकेका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. पहिली बाजूने गेली की सायकलवाला सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि तेवढ्यात दुसरी झोल खाऊन त्याच्या अंगावर येते. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. ही मुलगी सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावाहून सायकलने येई. दुसऱ्या ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांत तिच्या दप्तराचा पट्टा अडकला आणि ती रस्त्याकडेच्या खडीत फेकली गेली. गुडघ्यावर निभावले. चाकाचा मात्र आठाचा आकडा झाला. वडिलांनी ते चाक पाहिले आणि निर्णय देऊन टाकला : घरी वाच, परीक्षेला जा. गावातून निघणारी एस.टी. पहिला तास संपल्यावर शहरात पोहोचते. म्हणजे शिक्षण चालू ठेवायचे की नाही हे त्या घरात कुणी ठरवलेच नाही. ते रस्त्याने परस्पर ठरवून टाकले.

"दुसरी वाट नाही?" मी विचारले.

"आजी म्हणते, पाणंद आहे. ती तिकडून चालत भिंगारच्या बाजाराला जायची. पण आता ती कुणाला ठाऊक नाही."

मी फोन काढला. गाव आणि शहर यांच्यामध्ये मोठ्या रस्त्याची एक जाड रेघ होती आणि बाकी सगळे कोरे. नकाशातले कोरे पाहिले की तिथे काहीच नसेल असे वाटते. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की तिथे जाऊन अजून कुणी पाहिलेले नाही.

भूगोलाचे माझे सहकारी या बाबतीत जाणते निघाले. दुपारच्या चहाला त्यांनी मला ओपनस्ट्रीटमॅपची कथा सांगितली. इंग्लंडात सरकारी मोजणी खात्याचे नकाशे उत्तम. पण वापरायचे तर भरपूर पैसे मोजा, असा मामला होता. २००४ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ठरवले की लोकांनीच आपला नकाशा काढावा आणि तो सर्वांना मोकळा असावा. उपग्रहांच्या साहाय्याने जागा सांगणारे यंत्र खिशात टाकायचे आणि हिंडायचे. पुष्कळ मंडळी सायकलीवरूनच हिंडली. गेलेल्या वाटेचे ठिपके उमटतात, ठिपके जोडले की रेघ होते, आणि त्या रेघेला चिठ्ठ्या डकवायच्या : रस्ता डांबरी की मातीचा, रुंद किती, दिवे आहेत का, सायकल जाते का. नाव आपल्या भाषेत लिहायचीही सोय असते. असा एकच साठा. त्यातून मोटारवाल्याला मोटारीचा नकाशा निघतो आणि सायकलवाल्याला सायकलचा. केंब्रिजच्या सायकलप्रेमी मंडळींनी आधी आपल्या गावापुरता मार्ग शोधून देणारा नकाशा केला आणि २००९ साली 'सायकलस्ट्रीट्स' या नावाने तो साऱ्या ब्रिटनसाठी सुरू झाला. तो तीन वाटा सुचवतो : सर्वांत जलद, सर्वांत शांत, आणि दोहोंमधली.

"पण हे कायद्यात बसतं का?" मी विचारले. नवी गोष्ट निघाली की प्राध्यापकाला आधी परिपत्रक आठवते.

"२०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नकाशांचे नियम पुष्कळ सैल केले. लष्कराच्या जागांपासून लांब राहा, म्हणजे झालं." भिंगारला छावणी आहे, तेव्हा हा सल्ला मी गाठीला बांधून ठेवला. "आणि एक अट. दुसऱ्याच्या नकाशावरून नक्कल करायची नाही. आपण जाऊन पाहायचं, नाहीतर ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारायचं."

हे ऐकून मी चमकलो. कारण याच अटीचे गुणगान मी वर्षानुवर्षे वर्गात करीत आलो होतो. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी काय केले? चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना गाठून, एकेकाला विचारून, पडताळून घेतल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेली, तेव्हा अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. तिचे जे निरनिराळे पाठ झाले, त्यांतला एक हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. आणि चौदाव्या शतकातली ती स्थानपोथी! स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागांची ती नोंद आहे. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, कशाच्या शेजारी काय. आमच्या जिल्ह्यातले डोमेग्राम, म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातले आजचे कमालपूर, हे त्या परंपरेतले मोठे ठिकाण. वर्गात ही पोथी आली की मुले जांभया देतात. 'सर, यात गोष्ट कुठंय?' असे एकाने विचारलेही होते. त्या प्रश्नाला मी तेव्हा काहीतरी विद्वत्ताप्रचुर उत्तर दिले असावे. खरे उत्तर मला त्या चहाच्या वेळी सुचले. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला जागा सापडावी म्हणून कुणीतरी तिथवर चालत गेले, हीच त्यातली गोष्ट.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गावी गेलो. दोन विद्यार्थी, दोन विद्यार्थिनी, भूगोलाचे सहकारी आणि मी. मुलीच्या आजी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी वही काढून त्यांच्यासमोर बसलो.

"आजी, पाणंद कुठून निघते?"

"मारुतीच्या मागनं निघायचं. म्हसोबाचा दगड लागतो. तिथनं डाव्या अंगाला. मग दगडी हीर. हिरीपसनं वढा उतरायचा. वढ्याच्या पल्याड मोठा लिंब हाय, त्याच्याखाली भाकर खायची आन् मग सूर्व्या पाठीशी ठेवून चालायचं, का आलं भिंगार."

"सूर्य पाठीशी?"

"अरं लेकरा, सांजच्याला कोण जातंय बाजाराला? सकाळची वाट सांगतीय मी."

माझे विद्यार्थी हसले. मी मात्र हसलो नाही, कारण स्थानपोथी लिहिणारा माझ्यासमोर लसूण सोलीत बसला होता.

आम्ही सायकली काढल्या. म्हसोबा सापडला. विहीर सापडली, तिच्यावर आता विजेचा पंप होता. ओढा त्या दिवसांत कोरडाच होता. लिंब मात्र काही केल्या सापडेना. शेवटी एका विद्यार्थ्याच्या पायाला बुंध्याचे खोड लागले. झाड केव्हाच तुटले होते. कुठे बाभळीचे काटे, कुठे बांध कोरून पाणंद अर्धी केलेली, एके ठिकाणी तर कुणी चक्क मेथी लावलेली. पण वाट अशी होती की सायकल जाईल. ती खरोखर वहिवाटीची आहे ना, हे आम्ही गावनकाशात पाहून घेतले. तिथे गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात. त्या दोन रेघा आजींच्या सांगण्याबरहुकूम जात होत्या. आम्ही त्या गिरवल्या नाहीत. आमची रेघ आमच्या चाकांनीच काढली. त्या रात्री संगणकावर ती रेघ उमटली, तेव्हा मला एखादे पुस्तक छापून आल्यासारखे वाटले.

ती घेऊन मी मोठ्या ऐटीत मुलीच्या वडिलांकडे गेलो. म्हटले, "ही बघा वाट. एक ट्रॉली लागत नाही. अगदी शांत."

त्यांनी फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "सर, शांत हाय, त्येचंच तर भ्याव हाय."

माझ्या ऐटीचे चाक त्याच क्षणी पंक्चर झाले. केंब्रिजच्या नकाशात 'शांत' हे वाटेचे भूषण आहे. तिथे मोटार नाही म्हणजे भय नाही. इथे बाप विचारत होता की मोटार नाही हे ठीक, पण माणूस आहे का? सकाळी सातला, थंडीच्या धुक्यात, एकोणीस वर्षांची पोर त्या कोऱ्या जागेतून जाणार. मी साऱ्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. माती, रुंदी, चढ, उतार. ही एक चिठ्ठी माझ्या डोक्यात आली नव्हती. येणार कुठून? त्या वाटेने मला भ्यायचे कारणच नव्हते.

उत्तर त्या मुलीनेच काढले. ती म्हणाली, "सर, आपण वाट मोजली. आता वस्त्या मोजू." आमच्याकडे शेतकऱ्यांची घरे गावात असतात तशी मळ्यांतही असतात, चार-सहा घरांची एकेक वस्ती. ती आणि तिची मैत्रीण तीन रविवार हिंडल्या. कोणती वस्ती वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहे, कुठे पहाटे दूध घालायला माणसे निघतात, कुठे खांबावर दिवा आहे आणि तो लागतो, कुठे सकाळी भाजी तोडायला बायका असतात. वस्त्यांची नावे आणि दिवे नकाशात गेले. कोणत्या घरात कोण राहते हे गेले नाही, तसे लिहायचेही नसते. बाकीचे तिच्या वहीत राहिले. एका ठिकाणी जवळपास अर्धा किलोमीटर हाकेला ओ देईल असे कुणी नव्हते. तेवढ्यासाठी पाणंद सोडून शेजारच्या वस्तीवरून वळसा घेता येतो असे तिने शोधले. वाट चार मिनिटांनी लांबली. वडील स्वतः मोटारसायकल घरी ठेवून तिच्याबरोबर दोनदा सायकलने आले. तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. ती आली. पहिल्या तासाला.

इथे ही हकीकत संपवली असती तर मला आवडले असते. पण जून उजाडला. ओढ्याला पाणी आले. आम्ही रेघ काढली ती थंडीत. शहरातला एक तरुण नकाशात नवी वाट पाहून संध्याकाळी हौसेने निघाला, ओढ्यात उतरला आणि मांडीभर चिखलात रुतला. वस्तीवरच्या लोकांनी त्याला बाहेर काढले. सायकल खांद्यावर घेऊन तो परत गेला. हे मला त्या मुलीने सांगितले. तो तरुण कोण हे मला कळले नाही आणि माझे नाव त्याला कळले नसेल. पण त्या रात्री मला नीट झोप आली नाही. पुस्तकातली चूक वाचकाला फार तर चुकीचे मत देते. माझ्या चुकीने एक माणूस अंधारात पाण्यात उतरला होता. सकाळी उठून आधी ओढ्यापाशी लिहिले : 'पावसाळ्यात बंद.' या नकाशात कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. माझी चूक आणि माझी दुरुस्ती दोन्ही तिथे तारखेसकट आहेत. असू देत. जुन्या पोथ्यांच्या समासातही असे खाडाखोडीचे प्रामाणिकपण असते.

पण 'बंद' असे लिहून मुलीचे चार महिने कसे निघावेत? तेव्हा मला या नकाशाचा दुसरा उपयोग कळला. सायकलवाल्यांसाठी भांडणारी मंडळी जगभर हेच करतात. मोघम तक्रार हवेत विरते. मागणी करायची तर बोट ठेवायला जागा लागते. पुण्याने २०१७ च्या डिसेंबरात शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. पण सायकलचा पट्टा कुठे तुटतो, कुठे त्यावर गाड्या उभ्या राहतात, हे अखेर त्या पट्ट्यावरून जाणाराच दाखवू शकतो. आम्ही नकाशाचा कागद छापून गावच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी विचारले, "ही पाणंद आहे कुठं?" मुलीने बोट ठेवले. "इथं. आणि इथं ओढा. आणि या तीन वस्त्यांतून आणखी सात पोरी शाळेला जातात." ते सात पोरींचे वाक्य मला ठाऊक नव्हते. तिच्या वहीत होते.

श्रावणात ओढ्यात सिमेंटच्या दोन नळ्या पडल्या आणि वर मुरूम. भाद्रपदात निम्मा मुरूम वाहून गेला. पुन्हा अर्ज दिला आहे. नकाशातली चिठ्ठी आम्ही काढलेली नाही. 'पावसाळ्यात' ऐवजी 'जोराच्या पावसात' एवढाच फरक केला आहे. पावसाळ्याचे ते दिवस ती कधी पाणंदीने, कधी मोठ्या रस्त्याने आली आणि काही दिवस आलीच नाही. आता ती तृतीय वर्षाला आहे. हे लिहीत असताना कारखान्यांचे बॉयलर पेटायला सुरुवात झाली आहे. दिवाळीनंतर ट्रॉल्या पुन्हा रस्त्यावर येतील. त्याआधी एका रविवारी आम्ही सगळे पुन्हा पाणंदीने जाऊन आलो. रेघ एकदा काढून भागत नाही. दरवर्षी जाऊन तिला 'आहेस ना?' असे विचारावे लागते. माझी साखरही या निमित्ताने थोडी उतरली आहे, असे पत्नीचे म्हणणे आहे.

परतताना आजींना फोनवर नकाशा दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून विचारले, "माझा लिंब लिव्हला का?"

"आजी, लिंब तुटला. नुसतं खोड आहे."

"मग लाव की तिथं."

"लावू. पण लावला तरी लगेच लिहिता येत नाही, आजी. जे आहे तेच लिहायचं, असा नियम आहे."

"बरा हाय नियम," आजी म्हणाल्या. "आधी लाव. मग लिही."

जुन्या खोडाशेजारी आम्ही कडुनिंबाचे एक रोप लावले आहे. शेरडांपासून राखायला भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले आहे आणि शेजारच्या वस्तीवरची पोरे त्याला पाणी घालतात. गेल्या रविवारी ते माझ्या गुडघ्याएवढे होते. अजून नकाशात लिहिण्याजोगे झालेले नाही.